वडी कुणाची मोठी?

पालक-शिक्षक प्रश्नोत्तरे : लहान मुलांना जागा कशी कळते

या विषयावरची पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. चिक्कीच्या वड्या पाडताना कडेची एक वडी लांबुळकी निघाली. मोजून पाहिली तर 12 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद. धाकट्याला दिलेली चौकोनी वडी 6 बाय 6 ची होती, म्हणजे दोन्ही सारख्याच. तरी "माझीच मोठी" म्हणून ती खूश! तिच्या बाबांनी लांब वडी मधोमध मोडून दोन्ही तुकडे एकमेकांना लावून दाखवले, तर म्हणाली, "आता सारख्या आहेत, पण आधी माझी मोठी होती." ही गणितात कच्ची राहील का? – एक आई, चिंचवड

यावरून तसं काहीच म्हणता येत नाही. तिच्या बोलण्यात एक हिशोब आहे, फक्त तो मोठ्यांचा हिशोब नाही.

लहान मूल अनेकदा एकाच बाजूवरून निकाल देतं, आणि ती म्हणजे डोळ्यात भरणारी बाजू. 12 सेंमी लांबीची वडी 6 सेंमीच्या शेजारी ठेवली की लांबीच जिंकते. रुंदी निम्मी आहे हे मुलाला दिसत नाही असं नाही, पण निकाल देताना ती धरली जात नाही. पाचव्या वर्षापर्यंत दुसरी बाजूही धरली जाऊ लागते, आणि खरी गंमत इथे आहे. लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार व्हायला हवा, मूल करतं बेरीज. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन अँडरसन आणि डायान कुनेओ यांनी 1978 मध्ये हे दाखवून दिलं. मुलांना वेगवेगळ्या मापांची आयताकृती बिस्किटं दाखवायची आणि विचारायचं, भुकेल्या मुलाला हे मिळालं तर ते किती खूश होईल? रुंदी ठरावीक सेंटिमीटरने वाढली की पाच वर्षांच्या मुलांच्या लेखी खुशीही ठरावीक मापानेच वाढायची, मग बिस्कीट उंच असो की बुटकं. खरं तर उंच बिस्किटाची रुंदी वाढवली तर भर जास्त पडते. हे "जास्त" मोठ्या मुलांच्या आणि प्रौढांच्या उत्तरांत दिसलं, पाच वर्षांच्यांत नाही.

हे घरी पाहता येतं. पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापा : 7 बाय 7, 10 बाय 4 आणि 11 बाय 3 सेंमी. तिन्हींत लांबी-रुंदीची बेरीज 14 येते, पण जागा 49, 40 आणि 33 चौरस सेंमी. निव्वळ बेरजेवर चालणारं मूल हे तिन्ही जवळपास सारखे म्हणेल, एकाच बाजूवर चालणारं 11 चा तुकडा उचलेल, आणि 7 बाय 7 चा ठामपणे उचलणारं मूल गुणाकाराच्या वाटेवर आहे. एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नका. तुकडे आडवे-उभे फिरवून, मध्ये एक-दोन दिवस जाऊ देऊन तीन-चारदा पाहा.

विचारताना दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला शब्दाचा. आपल्याकडे "मोठा" म्हणजे उंचही, वयाने जास्तही आणि आकाराने जास्तही. "मोठी वडी कुठली?" या प्रश्नाला "लांब ती" हे मराठीत चुकीचं उत्तरच नाही. म्हणून "कुठल्या वडीत जास्त खायला मिळेल?" किंवा "कुठल्या कागदावर जास्त रंग लागेल?" असं विचारा. दुसरा घोळ तोच प्रश्न पुन्हा विचारण्याचा. मूल "सारख्या" म्हणतं, आपण तुकडा हलवतो आणि परत विचारतो, "आता?" मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं असणार, नाहीतर परत कशाला विचारतील! सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी 1974 मध्ये वस्तूंच्या संख्येबद्दलच्या अशाच चाचणीत पाहिलं, की प्रश्न एकदाच विचारला तर सहा वर्षांची मुलं कमी चुकतात.

बाबांनी केलं ते योग्यच होतं, फक्त ते तिच्या हाताने व्हायला हवं. लांब वडी चौकोनी वडीवर ठेवायची, बाहेर आलेला भाग कापायचा आणि उघड्या राहिलेल्या जागेवर लावून पाहायचा. चिक्कीपेक्षा पोळीचे किंवा जाड कागदाचे तुकडे बरे, चिक्की हवी तशी तुटत नाही. पुढच्या अभ्यासांत असंही आढळलं आहे की तुकडे आधी मनसोक्त हाताळायला मिळाले तर पाच वर्षांची मुलंही बेरीज सोडून गुणाकाराच्या जवळ जातात. "आधी माझी मोठी होती" हे वाक्य मात्र आणखी दोनेक वर्षं ऐकू येईल, ते ऐकून सोडून द्या.

आणि आपण मोठे यातून पूर्ण सुटलो आहोत असंही नाही. येल विद्यापीठातल्या सामी युसिफ आणि फ्रँक काइल यांनी 2019 मध्ये दाखवलं, की नुसत्या नजरेने अंदाज करताना प्रौढांचा कौलही खऱ्या क्षेत्रफळापेक्षा लांबी-रुंदीच्या बेरजेकडे झुकतो. 12 इंची एक पिझ्झा की 8 इंची दोन, असं विचारून पाहा. बरेच जण दोन घेतील. खायला एकातच जास्त आहे. गोलाची जागा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : 12 चा वर्ग 144, 8 च्या वर्गाची दुप्पट 128.

गाई आणि कुरणाचा एक खेळ ऐकला आहे. तो बालवाडीत नेमका कसा घ्यायचा? – बालवाडी ताई, सिन्नर तालुका

हा खेळ झाँ पियाजे, बार्बेल इनहेल्डर आणि अलिना शेमिन्स्का यांनी मुलांच्या भूमितीवर 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातला. साहित्य थोडं लागतं : ए-4 आकाराचे दोन हिरवे कागद, दोन खेळण्यातल्या गाई आणि अगदी सारख्या 24 ते 30 काडेपेट्या. काड्या आधी काढून ठेवा.

दोन्ही कुरणं शेजारी ठेवा, प्रत्येकावर एक गाय. दोघींना सारखंच गवत आहे हे मुलाच्या तोंडून वदवून घ्या, त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मग दोन्हींवर एकाच वेळी एकेक घर म्हणून काडेपेटी ठेवा. पहिल्या कुरणात घरं कडेला एकमेकांना चिकटून, दुसऱ्यात विखरून. दर जोडीनंतर विचारा, "आता कुणाला जास्त गवत खायला मिळेल, की सारखंच?" एक-दोन घरांपर्यंत बरीच मुलं "सारखंच" म्हणतात. घरं वाढली की काहींचं उत्तर बदलतं, विखुरलेल्या घरांच्या कुरणात गवत संपत आल्यासारखं वाटतं. कितव्या घराला उत्तर बदललं, ते वहीत टिपून ठेवा. दोन महिन्यांनी तेच मूल बहुधा पुढच्या आकड्यापर्यंत टिकतं. हेच पाहण्यासारखं आहे, केवळ बरोबर-चूक नाही. घरं कितीही ठेवली तरी "दोन्हीकडे सारखीच घरं आहेत ना, मग गवतही सारखंच" असं कारणासकट उत्तर साधारण सात-आठच्या वयात येतं.

चुका कशात होतात? काडेपेट्या लहान-मोठ्या असणं, घर कागदाच्या बाहेर अर्धं लटकणं, आणि ताईंनी विखुरलेल्या बाजूकडे बघत विचारणं. मुलं कागदापेक्षा ताईंचे डोळे जास्त वाचतात.

तिसरीच्या मुलांना आयत काढून दिला आणि "यात असे किती चौकोन मावतील ते काढा" म्हणून एक नमुना चौकोन दिला. निम्म्या मुलांनी फक्त कडेकडेने चौकोन काढले, काहींचे मध्ये गेल्यावर बारीक झाले, एकाने तर 18 उत्तर दिलं, खरं 20 होतं. पाढे मात्र सगळ्यांना येतात! – जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, जिल्हा यवतमाळ

बाई, पाढ्यांचा इथे उपयोग नाही, कारण ज्याला गुणायचं ती रांग मुलांना अजून दिसतच नाही. आपल्याला चौकोनांनी भरलेला आयत "पाचाच्या चार रांगा" असा दिसतो, कारण आपण तो तसा बघायला शिकलो आहोत. मुलाला तो चौकोनांचा ढीग दिसतो. अमेरिकेत मायकेल बॅटिस्टा, डग्लस क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दुसरीच्या मुलांच्या आकृत्या तपासल्या, तेव्हा हीच चित्रं दिसली : कडेने फेरी, मध्ये गोंधळ, ओळी जुळत नाहीत. त्यामुळे तुमची मुलं काही वेगळी नाहीत.

18 वालं उत्तर कुठून आलं असेल ते आधी बघू. आयतात 5 च्या 4 रांगा असतील तर चार बाजूंनी मोजलं की 5, 4, 5, 4 मिळून 18. या मुलाने चार कोपरे दोनदा मोजले आणि मधले सहा सोडून दिले. दोन वेगवेगळ्या चुका असूनही उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ! अशा वेळी नुसत्या उत्तरावर खूण करून वही परत दिली तर चूक कळतच नाही. मुलाला बोट ठेवून मोजायला सांगा, मग कळते.

आता साहित्य. 15 बाय 12 सेंमीचा आयत आणि 3 सेंमीचे चौकोन घ्या, म्हणजे 5 च्या 4 रांगा, एकूण 20. 3 पेक्षा लहान चौकोन तिसरीच्या बोटांना नीट लावता येत नाहीत. तीस मुलं असतील तर जोड्यांना मिळून 300 चौकोन लागतील. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी उत्तम. 18 बाय 12 च्या पत्रिकेतून 24 चौकोन निघतात, म्हणजे 13 पत्रिका पुरतात. वाया जाणाऱ्यांसाठी 15 घ्या. मुलांकडून चौकोन कापून घेऊ नका. प्रत्येक चौकोन एक मिलिमीटर मोठा झाला तर पाचांच्या रांगेत अर्धा सेंटिमीटर बाहेर येतो, आणि पाचवा चौकोन मावत नाही म्हणून मूल चारच रांगेत लावतं. आधी 3 सेंमीच्या पट्ट्या कापायच्या, मग पट्टी आडवी करून चौकोन, हे काम बाईंनीच करावं.

पहिल्या दिवशी वीसच्या वीस चौकोन द्या आणि आयत झाकू द्या. दोन नियम सांगा : फट नको, एकावर एक नको. सगळ्यांना जमतं आणि बाईंना समाधान वाटतं, पण शिकणं झालं असं इथे समजू नका. पुठ्ठ्याचे चौकोन आपोआप एकमेकांना टेकतात, रांग मुलाने बनवलेली नसते, पुठ्ठ्याने बनवलेली असते. म्हणून दुसऱ्या दिवशी आठच चौकोन द्या, एक आडवी रांग आणि एक उभी भरेल इतकेच. "उरलेल्या जागेत आणखी किती लागतील?" आता रिकाम्या जागेत रांग डोळ्यांनी उभी करावी लागते. बरीच मुलं आठ चौकोन आडव्या ओळीत लावून अडकतात. अडकू द्या, दोन मिनिटांनी "एक रांग आडवी, एक उभी" असं सुचवा.

तिसऱ्या दिवशी एकच चौकोन, तो फिरवत पेन्सिलीने त्याची कड गिरवत जायचं. इथे घसरण होते : प्रत्येक वेळी चौकोन किंचित तिरका बसतो आणि चौथ्या रांगेपर्यंत ओळ वाकडी होते. ही चूक मौल्यवान आहे. फळ्याजवळ अशा दोन वह्या दाखवून विचारा, "ह्याच्यात 20 आणि तिच्यात 22 कसे आले? कागद तर सारखाच होता." मुलं स्वतःच सांगतील की फट राहिली किंवा एकावर एक आले.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते. पाच चौकोन चिकटवून 15 सेंमीची एक पट्टी बनवा आणि जोडीला एक द्या. पट्टी आयतावर वरून खाली सरकवायची, प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायचं : पाच, दहा, पंधरा, वीस. चौकोन सुटा होता तोवर मोजणी होती, आता रांग हे एकक झालं. पाढा इथे कामाला येतो, याआधी नाही. पट्टीतले चौकोन दोन रंगांत आलटून-पालटून असले तर मोजणं सोपं, पण मग मुलं रंग मोजू लागतात. त्यापेक्षा पूर्ण पट्टी एका रंगाची आणि प्रत्येक जोडीला वेगळा रंग, हे जास्त चांगलं चालतं.

शेवटी आयताच्या कडांवर 3-3 सेंमीवर खुणा करून द्या आणि सलग रेषा ओढू द्या. एकेक चौकोन काढणाऱ्या मुलाचे मधले चौकोन बारीक होतात, सलग रेषा ओढणाऱ्याचे होत नाहीत. कोणतं मूल कडेपासून कडेपर्यंत रेषा ओढतं हे पाहिलंत की कुणाला रांग कळली ते कळतं. मग खुणा न देता पट्टी आणि पेन्सिल. हे सगळं चार-सहा तासिकांत नाही होणार, आठ-दहा धरा, आणि "लांबी गुणिले रुंदी" हे शब्द त्यात एकदाही येऊ नयेत. सूत्र पाचवीत येणारच आहे.

एक दिवस चिंचोके किंवा नाणी देऊन तोच आयत भरायला सांगा. एका जोडीचा एक आकडा, दुसरीचा दुसरा, आणि मध्ये फटीच फटी. चौकोनच का, गोल का नाही, याचं उत्तर सांगावं लागत नाही.

मुलगा सेमी-इंग्रजीत आहे. शाळेत "एरिया" म्हणतात, आम्ही घरी "क्षेत्रफळ". गोंधळ होईल का? – पालक, सातारा

दोन शब्दांनी होत नाही, एका शब्दाच्या दोन अर्थांनी होतो. घरीदारी "आमच्या एरियात लाईट गेली" असं ऐकणाऱ्या मुलाला एरिया म्हणजे गल्ली. "वहीचा एरिया काढ" म्हटल्यावर ते वही कुठे ठेवली आहे हे सांगू लागलं तर रागावू नका. सहा-सात वर्षांपर्यंत दोन्ही शब्द बाजूला ठेवा आणि "किती जागा झाकली", "किती फरश्या बसतील", "किती कागद लागेल" असं म्हणा. "क्षेत्रफळ" नंतर आलं तरी काही बिघडत नाही. "परिमिती"साठी "कड" किंवा "भोवतालची कड". हे दोन शब्द, जागा आणि कड, घरात वेगळे राहिले तर पुढच्या पत्रातला प्रश्न बराच हलका होतो.

नात पाचवीत आहे. सूत्रं पाठ, पण परिमिती विचारली की क्षेत्रफळ काढते. आणि तिचं ठाम मत आहे की कड सारखी असेल तर जागाही सारखीच. – निवृत्त तलाठी, बारामती

तलाठीभाऊंना गुंठा शिकवायची गरज नाही, पण नातीसाठी त्याहून चांगलं उदाहरण नाही. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. आता 11 फूट रुंद आणि 99 फूट लांब पट्टा घ्या. तोही 1089, एक गुंठाच. पण चौकोनी गुंठ्याला कुंपण 132 फूट लागतं आणि पट्ट्याला 220 फूट. तारेचे पैसे द्यायचे झाले तर फरक लगेच कळतो. उलटही दाखवा : तेच 132 फूट कुंपण 60 बाय 6 फुटांच्या तुकड्याला घातलं तर आत उरतात 360 चौरस फूट, गुंठ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा.

अंगणात खडूने आखायला जागा नसेल तर टेबलावर 24 सेंमीचा दोरा घ्या, टोकं बांधा (गाठीसाठी दोन सेंमी जास्त) आणि आलेख कागदावर चार टाचण्यांभोवती ताणा. 6 बाय 6 ला आत 36 चौकोन, 8 बाय 4 ला 32, 10 बाय 2 ला 20, 11 बाय 1 ला 11. नातीला प्रत्येक वेळी मोजायच्या आधी अंदाज विचारा आणि लिहून ठेवायला लावा. अंदाज लिहिला नसेल तर मुलं "मला माहीतच होतं" म्हणतात. दोरा ढिला राहिला तर कोपरे गोल होतात आणि चौकोन मोजता येत नाहीत, म्हणून न ताणणारा सुती दोरा घ्या, लोकर नको.

दुसरा प्रयोग आइस्क्रीमच्या काड्यांचा. चार सारख्या काड्यांची टोकं टाचणीने जोडून चौरस करा आणि मग एक कोपरा हळूहळू ढकला. चौरसाचा शंकरपाळा होतो. काड्या त्याच, कड तीच, पण आतली जागा आक्रसत जाते, आणि पूर्ण दाबला की काहीच उरत नाही. 10 सेंमीच्या काड्या असतील आणि उभी उंची 5 वर आली की जागा 100 वरून 50 वर आलेली असते. यात नात एकटीच फसते असं नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत बजावलं आहे, की लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं ठाम क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि सांगणारा त्याहूनही मोठा पिशाच. चार बाजू ठरल्या तरी आकार ठरत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. शेताच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल. ती जवळपास काटकोनी तुकड्यालाच चालते, शंकरपाळ्याला ती नेहमी जास्त जमीन दाखवते.

सूत्रांच्या अदलाबदलीवर पाठांतराचा उपाय चालत नाही. महिनाभर प्रत्येक गणिताच्या आधी नातीने फक्त एवढंच सांगावं : हे गणित तारेचं आहे की फरशीचं? उत्तर काढलंच पाहिजे असं नाही.

ठिपक्यांच्या कागदावर मुलगी 5 ठिपक्यांच्या 5 ओळींचा चौकोन काढून "25 चौकोन" म्हणते. – आई, डोंबिवली

ठिपके मोजले जात आहेत, त्यांच्यातली घरं नाहीत. पाच ठिपक्यांत घरं चारच, म्हणून 4 गुणिले 4, 16. रांगोळीचा नाद असलेल्या मुलींत ही चूक जास्त दिसते, कारण तिथे ठिपकाच सगळं असतो. प्रत्येक घरात एक तांदूळ ठेवून मोजायला सांगा, दोन दिवसांत जाते. ती गेली की लगेच दुसरं विचारा : 2 घरांची बाजू असलेला चौकोन आणि 4 घरांची बाजू असलेला, दुसऱ्यात किती पट तांदूळ? बहुतेक जण "दुप्पट" म्हणतात. 4 आणि 16 मोजून झाल्यावर मुलगी थबकते. लगेच समजावून सांगायला जाऊ नका, 6 घरांची बाजू तिला स्वतः करू द्या.

पिंपळाच्या पानाचं क्षेत्रफळ काढायचा प्रकल्प आहे. अर्धे-मुर्धे चौकोन कसे मोजायचे? प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं येतं. – शिक्षक, रत्नागिरी

उत्तरं वेगळी येणारच, ती किती वेगळी येतात हेच बघायचं. पान आधी वहीत दाबून सपाट करा, देठ काढा. ताजं पान कडेला वळतं आणि बाह्यरेषा आत येते. 1 सेंमी चौकोनांच्या कागदावर बारीक टोकाच्या पेन्सिलीने गिरवा, पेन्सिल उभी धरून. तिरकी धरली तर पान सगळीकडून मिलिमीटर-दीड मिलिमीटर फुगतं, आणि तळहाताएवढ्या पानात तेवढ्यानेच चार-पाच चौकोनांचा फरक पडतो.

नेहमीची रीत अशी की पूर्ण चौकोन मोजायचे, अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला एक धरायचा, कमी भरलेला सोडायचा. लहान मुलांना "अर्ध्यापेक्षा जास्त" ठरवताना भांडण होतं. त्यांच्यासाठी सोपी रीत : पूर्ण आत असलेले चौकोन हिरव्याने रंगवा, कडेने कापलेले सगळे पिवळ्याने. समजा हिरवे 31 आणि पिवळे 28. मग पान 31 पेक्षा जास्त आणि 59 पेक्षा कमी, हे नक्की. पिवळ्यांचे निम्मे धरले की 31 अधिक 14, साधारण 45 चौरस सेंमी. "नक्की या दोन आकड्यांच्या मध्ये" असं म्हणता येणं हेच प्रकल्पाचं फळ आहे, 45 हा आकडा नव्हे. पिंपळाच्या शेपटीसारख्या लांब टोकाशी मात्र सगळे चौकोन पिवळेच येतात आणि त्यांतला जेमतेम एखादा कोपरा भरलेला असतो, तिथे निम्मे धरले तर उत्तर फुगतं. टोकाचे पिवळे वेगळे मोजा आणि त्यांचे चारांत एक धरा, किंवा सरळ वडाचं पान घ्या.